न्यूरो ऑब्झर्व्हेशन पहिल्यांदा करताना: नव्या नर्ससाठी खाटेजवळची तपासणी

पहाटेचे साडेतीन वाजलेत. डोक्याला मार लागून आलेला रुग्ण शांत झोपलाय आणि उशाशी बसलेली बायको हळूच म्हणते, "सिस्टर, आत्ताच डोळा लागलाय त्यांचा. नका ना उठवू." नव्या नर्सची खरी परीक्षा इथे असते. उठवायचंच. झोप आणि गुंगी बाहेरून अगदी सारख्या दिसतात, हाक मारल्याशिवाय फरक कळत नाही. झोपलेला माणूस डोळे उघडतो, क्षणभर गोंधळतो आणि मग नाव, जागा, महिना नीट सांगतो. गुंगीतला माणूस तिथवर पोचत नाही. बाईंना हेच दोन वाक्यांत समजावून सांगा, बहुतेक नातेवाईक ऐकतात.

न्यूरो ऑब्झर्व्हेशन म्हणजे मेंदूचं काम कसं चाललंय ते ठरावीक वेळाने पुन्हापुन्हा तपासणं. या तपासणीत आपण एकच गोष्ट शोधत असतो: मघापेक्षा काही बदललंय का? डॉक्टर राउंडला येतात आणि पुढच्या रुग्णाकडे जातात. तोच माणूस दोनला, तीनला आणि चारला कसा होता हे फक्त नर्सला माहीत असतं. म्हणून पहिली नोंद सर्वांत काळजीपूर्वक करायची. पुढची प्रत्येक नोंद तिच्याशी ताडून पाहिली जाणार असते.

खाटेजवळ जाण्याआधी

पेनटॉर्च, डोळ्याची बाहुली मोजायची मिलिमीटरची पट्टी (बऱ्याच चार्टवर ती छापलेलीच असते), सेकंदकाटा असलेलं घड्याळ, बीपीचं यंत्र, ग्लुकोमीटर आणि थोडा कापूस, एवढं जवळ असू द्या. टॉर्चचा सेल उतरलेला नाही ना, हे आधी बघा. मंद उजेडात बाहुली आळशी वाटते आणि नसलेली भीती निर्माण होते.

मग चार्ट वाचा. शुद्धीचा मागचा स्कोअर किती होता, झोपेचं किंवा गुंगीचं औषध केव्हा दिलंय, मॉर्फिनसारखं वेदनाशामक चालू आहे का, डोळ्यांत बाहुली मोठी करणारे थेंब घातलेत का, आधी पक्षाघात झालेला आहे का. कानाचं मशीन आणि चष्मा कुठे आहेत तेही बघा. ऐकू न येणाऱ्या आजोबांना 'गोंधळलेले' म्हणून नोंदवणं फार सोपं असतं. घरच्यांना एक प्रश्न हमखास विचारा: "एरवी हे कसे बोलतात, कसे चालतात?" ज्यांना सहा महिन्यांपासून विसरभोळेपणा आहे त्यांना आज तारीख सांगता आली नाही, तर त्याचा अर्थ वेगळा निघतो.

खाटेजवळ पोचल्यावर श्वास, नाडी आणि ऑक्सिजन आधी. मेंदूची तपासणी त्यानंतर. आणि शुद्धीत काहीही फरक वाटला तर साखर लगेच तपासा. रक्तातली साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसीलिटरच्या खाली गेली की माणूस घामाघूम होतो, बरळतो, कधीकधी त्याची एक बाजूही लुळी पडते; चित्र हुबेहूब पक्षाघातासारखं. सुईच्या एका टोचणीत उलगडा होतो.

मानेला मार लागल्याची शंका असेल तर मान हलवायची नाही. उशी नीट करण्यासाठीसुद्धा नाही.

शुद्ध: ग्लासगो कोमा स्केल

ग्रॅहम टीझडेल आणि ब्रायन जेनेट यांनी ग्लासगोमध्ये ही मोजपट्टी १९७४ साली मांडली. 'पेशंट अर्धवट शुद्धीत आहे' या वाक्यातून प्रत्येकजण वेगळा अर्थ काढायचा. तो गोंधळ मिटावा म्हणून डोळे, बोलणं आणि हालचाल यांना वेगवेगळे गुण दिले गेले. सर्वांत कमी बेरीज ३, सर्वांत जास्त १५. शून्य या पट्टीत नाही.

क्रम मोडू नका: आधी नुसतं बघायचं, मग हाक मारायची, मग स्पर्श आणि दाब.

डोळ्यांपासून सुरुवात. तुम्ही जवळ जाताच डोळे उघडेच असतील तर ४. हाकेने उघडले तर ३. हाक म्हणजे आधी साध्या आवाजात, मग मोठ्याने. दाब दिल्यावर उघडले तर २, तरीही नाही तर १. डोळे सुजून बंदच झाले असतील तर १ लिहायचा नाही, 'तपासता आलं नाही' अशा अर्थाने एनटी लिहायचं आणि कारण शेजारी नोंदवायचं.

बोलण्यात स्वतःचं नाव, आपण कुठे आहोत आणि महिना कोणता हे तिन्ही बरोबर आलं तर ५. वाक्यं नीट, पण माहिती चुकीची असेल तर ४. सुटे शब्दच येत असतील, संभाषण होत नसेल तर ३. फक्त कण्हणं २. काहीच नाही तर १. श्वासनळीत नळी असेल तर टी लिहायचं, गुण नसतो.

या ठिकाणी मी केलेली चूक सांगते, कारण ती अजून आठवते. नोकरीचं पहिलं वर्ष. साठीच्या एक मावशी, चेहऱ्यावर हसू, नजर माझ्याकडे. मी विचारलं, "मावशी, तुम्ही दवाखान्यात आहात ना?" "हो." "बरं वाटतंय ना?" "हो." "मुलगा येऊन गेला ना?" "हो." मी ५ गुण लिहिले आणि पुढे गेले. दोन तासांनी ड्यूटीवर आलेल्या सिस्टरने खिशातलं पेन समोर धरलं आणि विचारलं, "हे काय आहे?" मावशी पेनकडे बघत राहिल्या, ओठ हलले आणि पुन्हा "हो" आलं. वाचा गेली होती. केव्हा गेली हे मात्र कुणालाच सांगता येईना, कारण माझ्या नोंदीने ते दोन तास पुसून टाकले होते. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं औषध ठरावीक वेळेतच देता येतं, त्यामुळे ती हरवलेली वेळ साधी नव्हती.

तेव्हापासून 'हो-नाही'त उत्तर येईल असा प्रश्न मी विचारत नाही. "तुमचं पूर्ण नाव सांगा", "आत्ता आपण कुठे आहोत?", "कोणता महिना चालू आहे?" असं विचारा. नंतर पेन, घड्याळ, किल्ली अशी एकदोन वस्तू दाखवून नावं विचारा आणि एक लहान वाक्य म्हणून दाखवायला सांगा. त्यातून तीन वेगळ्या गोष्टी वेगळ्या ओळखता येतात. गोंधळलेला माणूस भराभर बोलतो, पण चुकीचं सांगतो. वाचा गेलेल्याला शब्दच सापडत नाही किंवा तुमचं बोलणं उमगत नाही. जीभ जड झालेल्याचे शब्द बरोबर असतात, उच्चार बोबडे येतात. चार्टवर यातलं नेमकं काय दिसलं ते लिहा. रुग्णाची भाषा वेगळी असेल तर त्या भाषेत विचारू शकणारा कुणीतरी बोलवा.

हालचालीचे गुण सर्वांत मोलाचे. सांगितलेलं केलं तर ६. इथे "हात दाबा" एवढ्यावर थांबू नका. तळहाताला काही लागलं की मूठ आपोआप मिटते, असं मेंदूच्या काही आजारांत घडतं आणि घरचे आनंदाने सांगतात, "बघा, हात धरतोय!" म्हणून "माझी बोटं दाबा" म्हटल्यावर "आता सोडा" हेही म्हणा. सोडली तरच आज्ञा पाळली. "जीभ बाहेर काढा" किंवा "दोन बोटं दाखवा" हे त्याहून चांगलं.

आज्ञा पाळत नसेल तर दाब द्यावा लागतो, आणि नव्या नर्सचा हात इथे कचरतो. जागा तीन आहेत: बोटाचं टोक, मान-खांद्यामधला स्नायू आणि भुवईच्या हाडातली खाच. डोळे उघडतात का हे पाहायला बोटाच्या टोकावर पेनने दाब द्या, कारण भुवईवर दाबलं की माणूस उलट डोळे मिटून घेतो. हालचाल पाहायला खांद्याच्या स्नायूचा चिमटा किंवा भुवईची खाच वापरा. चेहऱ्याचं किंवा कवटीचं हाड मोडलेलं असेल तर भुवईला हात लावायचा नाही. दाब हळूहळू वाढवत न्या, १० सेकंदांपर्यंत, आणि प्रतिसाद आला की लगेच सोडा. छातीच्या हाडावर मुठीने घासण्याची जुनी पद्धत बऱ्याच ठिकाणी अजून दिसते. तिने काळेनिळे डाग पडतात, ती टाळा. आणि बेशुद्ध माणसालाही आधी सांगा: "दादा, मी खांद्याला जरा जोरात दाबणार आहे." ऐकू येत असण्याची शक्यता कधीच सोडून द्यायची नाही.

दाबल्यावर हात गळपट्टीच्या हाडाच्या वर, तुमच्या हाताकडे आला तर ५. त्याला त्रास कुठे होतोय हे कळलं. कोपर झटकन वाकलं, हात मागे घेतला, पण जागेपर्यंत आला नाही तर ४. हात संथपणे छातीवर आखडला, मनगट वळलं, अंगठा मुठीत गेला आणि पाय ताठ झाले तर ३. कोपर सरळ ताठ होऊन हात आतल्या बाजूला वळला तर २. काहीच नाही तर १. चार आणि तीनमधला फरक वाचून येत नाही. अनुभवी सिस्टरच्या शेजारी उभं राहून चारपाच वेळा बघावा लागतो. दोन हातांचा प्रतिसाद वेगळा असेल तर स्केलमध्ये चांगल्या हाताचे गुण धरायचे आणि कमजोर बाजू स्वतंत्र लिहायची.

नुसती बेरीज कधीही लिहू नका. ई म्हणजे डोळे, व्ही म्हणजे बोलणं, एम म्हणजे हालचाल. 'ई ४, व्ही ३, एम ६' आणि 'ई ४, व्ही ४, एम ५' या दोन्हींची बेरीज १३ होते, पण पहिल्यात बोलणं बिघडलंय आणि दुसऱ्यात माणूस आता आज्ञा पाळत नाहीये. बेरीज ८ किंवा त्याखाली गेली तर श्वासमार्ग धोक्यात आहे असं धरायचं आणि मदतीला माणसं बोलवायची.

बाहुल्या

खोलीतला उजेड कमी करा. टॉर्च लावण्यापूर्वी दोन्ही बाहुल्यांचा आकार पट्टीशी जुळवून मिलिमीटरमध्ये लिहा. साधारण उजेडात २ ते ५ मिलिमीटर ही नेहमीची मापं. 'नॉर्मल' हा शब्द लिहू नका. पुढच्या माणसाला त्यातून काही तुलना करता येत नाही.

आता टॉर्च कानाच्या बाजूने डोळ्यावर आणा. समोरून आणली तर जवळची वस्तू बघताना बाहुली तशीही लहान होते. उजेड पडलेली बाहुली आकसते का, चटकन की सावकाश, ते बघा. थोडं थांबून तोच उजेड पुन्हा टाका आणि या वेळी दुसऱ्या डोळ्याकडे बघा. तीही आकसायला हवी. मग दुसरी बाजू.

एक बाहुली मोठी होत जाते आणि उजेडाला दाद देत नाही, याला एवढं महत्त्व का? बाहुली आकसवणारे धागे तिसऱ्या मेंदू-नसेच्या बाहेरच्या कडेने जातात. कवटीत रक्त साचलं किंवा सूज वाढली की मेंदूचा भाग खाली सरकतो आणि ही नस दाबली जाते. बहुतेकदा मोठी बाहुली त्याच बाजूला दिसते जिथे दाब आहे. शुद्ध कमी होत असताना बाहुली अशी बदलली तर मिनिटं मोजायची वेळ आलेली असते.

तरी प्रत्येक असमान बाहुली म्हणजे संकट नव्हे. बऱ्याच निरोगी लोकांत १ मिलिमीटरपर्यंत फरक जन्मजात असतो. जुना फोटो किंवा घरचे सांगू शकतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन, कृत्रिम डोळा, डोळ्यांतले थेंब यांनीही फरक पडतो. अफूजन्य औषधांनी दोन्ही बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, ॲट्रोपिनने मोठ्या. पण फरक नवा असेल, तर कारण शोधत बसू नका. आधी कळवा, कारण नंतर.

चेहरा, हात, पाय

"दात दाखवा" म्हणा आणि ओठांचे दोन्ही कोपरे बघा. "डोळे घट्ट मिटा, भुवया वर करा." मेंदूतल्या पक्षाघातात गालाखालचा भाग वाकडा होतो, पण कपाळाला आठ्या पडतात. चेहऱ्याची नसच दुखावली असेल तर कपाळही हलत नाही. निदान डॉक्टर करतील, तुम्ही कपाळाची नोंद केलेली असली की त्यांचं काम सोपं होतं.

हातांसाठी माझी आवडती चाचणी सर्वांत साधी आहे. दोन्ही हात समोर, तळवे आभाळाकडे, डोळे बंद, १० सेकंद. कमजोर बाजूचा तळवा आत वळायला लागतो आणि हात खाली घसरतो. रुग्ण म्हणत असतो "मला काहीच झालं नाही", मूठही घट्ट दाबतो, आणि तरी सातव्या-आठव्या सेकंदाला करंगळी खाली झुकायला लागते. म्हणून मध्येच थांबू नका, १० पूर्ण मोजा. पाय एकेक करून, झोपूनच, ५ सेकंद उचलून धरायला सांगा.

ताकद ० ते ५ मध्ये लिहितात. पूर्ण ताकद ५. तुमच्या जोराला थोडा विरोध करता आला तर ४. तुमच्या जोराला विरोध करता येत नाही, पण नुसतं उचलता येतं तर ३. उचलता येत नाही, पण गादीवर सरकवता येतं तर २. स्नायू नुसता थरथरला तर १. उजवी-डावी एकाच वेळी ताडून बघा. स्पर्शासाठी डोळे मिटायला सांगून कापूस दोन्ही बाजूंना फिरवा: "दोन्हीकडे सारखं लागतंय का?" नाक-बोट चाचणीत, म्हणजे रुग्ण स्वतःचं नाक आणि तुमचं बोट आळीपाळीने शिवत असताना, हात डगमगतो का ते पाहा. चालवून बघायचं असेल तर आधी रुग्ण नीट बसू शकतो का याची खात्री करा, नाहीतर पडेल. तळव्यावरून रेघ ओढून अंगठा वर उठतो का हे बघण्याची बॅबिन्स्कीची चाचणी नंतर शिकलात तरी चालेल.

पक्षाघाताची शंका आली की दोन गोष्टी विसरायच्या नाहीत. गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने काहीही नाही, पाण्याचा घोट किंवा गोळीसुद्धा नाही. आणि 'शेवटचं ठणठणीत केव्हा पाहिलं' ती वेळ. लक्षण सापडलं ती वेळ वेगळी. सकाळी सहाला लुळेपणा दिसला, पण रात्री अकराला ते नीट बोलून झोपले असतील, तर घड्याळ अकरापासून धरलं जातं. गुठळी विरघळवणारं औषध सर्वसाधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं.

बीपी, नाडी, श्वास

कवटीत दाब फार वाढला की वरचं बीपी चढतं, वरच्या-खालच्या आकड्यातलं अंतर रुंदावतं, नाडी मंदावते आणि श्वास अनियमित होतो. कुशिंगची त्रयी म्हणून हे पाठ करून घेतात. ती उशिरा दिसते, हे मात्र नीट लक्षात ठेवा. तिची वाट बघत बसलात तर वेळ निघून गेलेली असते. त्याआधी रुग्ण चिडचिडा होतो, अंथरुणात सारखा चाळवतो, डोकं जास्त दुखतं म्हणतो, उलटी करतो, पुन्हापुन्हा पेंगतो. "आज जरा वेगळेच वागतायत" असं घरचे म्हणाले तर ते वाक्य चार्टवर जसंच्या तसं लिहा आणि पुन्हा तपासा.

किती वेळाने, आणि केव्हा फोन करायचा

तुमच्या वॉर्डचा नियम असेल तो पाळायचा. अंदाज यावा म्हणून सांगते: डोक्याच्या दुखापतीसाठी ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या मार्गदर्शनात स्कोअर १५ होईपर्यंत दर अर्ध्या तासाने, १५ झाल्यावर दोन तास अर्ध्या-अर्ध्या तासाने, पुढे चार तास दर तासाला आणि नंतर दोन-दोन तासांनी तपासणी सांगितली आहे. मध्येच स्कोअर घसरला तर पुन्हा अर्ध्या तासावर.

हालचालीचे २ गुण घटले, डोळ्यांचे किंवा बोलण्याचे ३ घटले, १ गुणाची घट अर्धा तास टिकली, बाहुली बदलली, चेहरा किंवा हातपाय नव्याने एका बाजूला कमजोर झाले, डोकेदुखी वाढली, उलट्या थांबेनात, फिट आली, यांपैकी काहीही दिसलं तर लगेच डॉक्टरांना बोलवा. शक्य असेल तर दुसऱ्या नर्सला एकदा बघायला सांगा, पण त्यासाठी फोन लांबवू नका.

फोनवर "सर, पेशंट बरोबर वाटत नाहीये" एवढंच म्हटलं की समोरचा "बघतो" म्हणतो. त्याऐवजी असं बोला: "सर, मी न्यूरो वॉर्डची सिस्टर बोलतेय, खाट क्रमांक सात. डोक्याला मार लागून काल रात्री भरती झालेत. तीन वाजता ई ४ व्ही ५ एम ६ होतं, साडेतीनला ई ३ व्ही ४ एम ५ झालंय. उजवी बाहुली ३ ची ५ झाली, उजेडाला संथ आहे. बीपी १७० बाय ९०, नाडी ५६, साखर ११०. गुंगीचं कुठलंही औषध दिलेलं नाही. तुम्ही आत्ता येऊन बघायला हवं." आधीचे आणि आत्ताचे आकडे एकामागून एक ऐकवले की दुसरा प्रश्न सहसा येत नाही. फोन केल्याची वेळ आणि मिळालेलं उत्तर चार्टवर लिहा. उत्तर आलं नाही तर वरच्या डॉक्टरांना लावा. तोवर डोक्याकडची बाजू ३० अंश वर (मणक्याच्या दुखापतीची शंका नसेल तर), मान सरळ, सक्शन आणि ऑक्सिजन हाताशी.

ड्यूटी बदलताना न्यूरोचा हँडओव्हर काउंटरवर देऊ नका, खाटेजवळ द्या. दोघींनी मिळून एकच तपासणी करायची: एक टॉर्च धरते, दुसरी आकडा सांगते. तुम्हाला जी बाहुली ४ दिसते तीच पुढच्या सिस्टरला ५ दिसत असेल, तर ते तिथल्या तिथे ठरवून घ्या आणि एकच आकडा वेळेसकट लिहून दोघींनी सही करा.